तरंगलेला पाचू

१ मार्च

निवृत्तीचा पहिला दिवस. सवयीने सहाला उठले, आवरलं, पर्स खांद्याला लावली आणि दारात चपला घालताना आठवलं की कुठे जायचंच नाहीये. हे पेपर वाचत बसले होते. पेपरच्या आडून म्हणाले, "चहा करायला परत येतेस, की एकदा जाऊनच येतेस?" एकतीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, पण घरात आमची किंमत चहापुरती.

शाळेने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला आता वेळ पाळायची नाही, तिला घड्याळ! मी मात्र माझी भेट स्वतःच निवडली. प्रयोगशाळेतलं जुनं सामान काढून टाकणार होते, त्यात ब्रोमोफॉर्मची तपकिरी बाटली होती. सील न फोडलेली. मुख्याध्यापकांकडून रीतसर लिहून घेतलं आणि घरी आणली.

ह्यांच्या हातात दिली, तर हात एकदम खाली गेला. "अगं, दगड भरलेत का यात?"

"दिसतंय काय?"

"पाणी दिसतंय."

मग मी समजावून सांगितलं. लोकांना वाटतं, दाट ते जड. मध दाट म्हणून जड, तेल दाट म्हणून जड. तेल पाण्यावर तरंगताना रोज बघतात, तरी तसंच वाटतं! दाटपणाचा इथे काही संबंध नाही. ब्रोमोफॉर्म पातळच असतं, पण त्याच्या एकेका रेणूत ब्रोमीनचे तीन अणू असतात आणि ब्रोमीनचा एक अणू म्हणजे हायड्रोजनचे ऐंशी. लहानशा खोलीत तीन पैलवान राहायला यावेत तसं आहे ते. म्हणून पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड.

"सगळ्यात जड द्रव कोणता?" ह्यांनी विचारलं. ह्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की मला खूश करायचं होतं, ते पस्तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

"नेहमीच्या तापमानाला पारा. पाण्याच्या साडेतेरापट."

"मग पाराच आणायचास."

पाऱ्यात लोखंडाचा खिळासुद्धा तरंगतो. त्यात खडे टाकले तर सगळेच वर येतील. सगळ्यांनाच सोडून देणारा न्यायाधीश काय कामाचा? मला निवाडा करणारा द्रव हवाय.

४ मार्च

उद्योग सुरू! पाचू तपासून देणार. फक्त पाचू, एका वेळी एकच काम, पण चोख.

रीत अगदी सोपी आहे. ब्रोमोफॉर्म पाचूपेक्षा किंचित जड आहे, म्हणून त्यात थोडं थोडं अ‍ॅसिटोन घालून त्याला हलकं करायचं. घनता २.६८ वर आणली. खरा पाचू २.७२ च्या आसपास, म्हणजे बुडणार. साधी हिरवी काच त्याहून हलकी, म्हणजे तरंगणार. आता, बुडालेला प्रत्येक खडा पाचूच असेल असं नाही, जड काचाही असतात. पण जो तरंगला तो पाचू असूच शकत नाही. त्यावर अपील नाही.

द्रव बरोबर आहे ना, हे रोज बघायला एक पांढरी गारगोटी ठेवलीय. तिची घनता २.६५. ती तरंगली की समजायचं द्रव ठीक. आज टाकली तेव्हा ती क्षणभर घुटमळली आणि मग सावकाश वर आली. पाहून डोळे निवले.

काचेच्या बुचाची रुंद तोंडाची बरणी शाळेतल्याच कपाटात राहिली. तपासायला तोंड मोठंच लागतं, म्हणून जॅमची रिकामी बरणी घेतली. झाकण जरा सैल आहे, चालेल. बरणी गॅलरीतल्या टेबलावर ठेवलीय. तिथे ऊन भरपूर, खडा छान दिसतो.

९ मार्च

वरच्या मजल्यावरच्या बाई पहिल्या गिऱ्हाईक. त्यांच्या आईकडून आलेला लोलक घेऊन आल्या. खडा कोंदणात असताना तपासता येत नाही, सोन्याचं वजन त्यात येतं. म्हणून आधी सोनाराकडून सुटा करून आणायला सांगितलं होतं. टाकला. सरळ तळाला! बाईंनी मला मिठीच मारली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याने दिलेल्या अंगठीतला खडाही आणणार आहेत.

हे म्हणाले, गॅलरीत नेलपॉलिश पुसायच्या बाटलीसारखा वास येतो. मी म्हटलं, पेपर घरात बसून वाचा.

१७ मार्च

वरच्या बाईंच्या नवऱ्याने दिलेला खडा तरंगला.

मी काहीही न लपवता सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. जिन्यातून वर गेल्या आणि थोड्या वेळात वरून भांडी आपटल्याचे आवाज. मला वाईट वाटलं, पण यात माझा काय दोष? थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून कुणी थर्मामीटरला रागावतं का?

गारगोटी आता बुचासारखी टुणकन वर येते, पहिल्यासारखी घुटमळत नाही. द्रव मुरलाय बहुतेक. निकाल कसा स्वच्छ मिळतो.

२२ मार्च

या आठवड्यात पाच खडे आले आणि पाचही खोटे! शिंपीणबाईंचा, त्यांच्या जावेचा, दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बायकोचे दोन आणि निवृत्त पोस्टमास्तरांचा. पोस्टमास्तर तर अंगठी चाळीस वर्षं घालताहेत. बिचारे खुर्चीत तसेच बसून राहिले. जग किती बनेल झालंय याची मला शाळेच्या चार भिंतींत कल्पनाच नव्हती.

हे बरणीकडे बघून म्हणाले, "कमी झाल्यासारखं वाटतंय गं." मी म्हटलं, प्रत्येक खड्याला थोडं चिकटून जातंच. शिवाय कामाला येणारी बाई गॅलरी पुसताना टेबलाला धक्का देते. उद्या तिला चांगलं फैलावर घेते.

संध्याकाळी लेक आली, चष्मेवाल्याला घेऊन. लेक गुरांची डॉक्टर. मोठमोठे बैल हिच्यापुढे मान खाली घालतात, आणि हिने निवडला कोण, तर चष्म्याचं दुकान चालवणारा. मुलगा वाईट नाही. बोलतो गोड, "काकू, काकू" करतो. पण शिक्षण म्हणाल तर दोन वर्षांचा डिप्लोमा. मी तोंडाने काही म्हटलं नाही. लेक म्हणते, माझ्या तोंडापेक्षा माझ्या भुवया जास्त बोलतात.

वीस एप्रिलला रजिस्टर लग्न ठरलंय. त्याने तिच्या बोटात आईची अंगठी घातली. टपोरा हिरवा पाचू. म्हणाला, "बाबांच्या आजारपणात घरातलं सगळं गेलं. कपाटसुद्धा गेलं. पण ही एवढी अंगठी आईने ठेवली. आजीची आहे."  लेक त्याच्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लांकडे बघायची.

मी अंगठी उजेडात धरून पाहिली. लेकीने झटकन काढून घेतली. "आई, नाही हं. अजिबात नाही."

मी कुठे काय म्हटलं होतं?

२६ मार्च

म्हटलं नव्हतं, पण केलं.

लेक आंघोळीला गेली तेव्हा अंगठी बेसिनवर होती. दाराबाहेरूनच म्हटलं, "अंगठीची नखं सैल झालीत बघ, खडा पडेल. सोनाराकडून घट्ट करून आणते." घाईत होती, हो म्हणाली. सोनार आमचा जुना. त्याने अंगठी हातात घेतली, भिंग लावलं, भिंग काढलं. "बाई, नखं तर घट्ट आहेत."

"खडा सुटा करून हवाय मला."

"कशाला काढायचा? इतकी वर्षं बसलाय, बसू दे की."

आळशी झालाय म्हातारा. दोनदा सांगितल्यावर कुरकुरत काढून दिला.

घरी आले, बरणीत टाकला. तरंगला. बुडवून बघितला, पुन्हा वर. गारगोटीच्या शेजारी जाऊन बसला, बहीण-भावासारखा.

वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, ही वही माझीच आहे, किंचित बरंही वाटलं. मला वाटतच होतं, असं स्वतःला म्हणता आलं. पण त्याच्यामागे लगेच लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सांगू की नको? वरच्या बाईंना सांगितलं, पोस्टमास्तरांना सांगितलं. मग स्वतःच्या घरी तोंड बंद ठेवायचं? एकतीस वर्षं मुलांना काय शिकवलं मी, उत्तर आवडलं नाही तर खोडून टाका?

२९ मार्च

सांगितलं.

चष्मेवाला आणि त्याची आई जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर मी बरणी टेबलावर आणली आणि सर्वांसमोर खडा टाकला. लपूनछपून काही नको, हा माझा स्वभाव. खडा वर आला. मी म्हटलं, "ही काच आहे. दोष कुणाचा ते मी म्हणत नाही. पण वस्तू काय आहे ते आपल्याला माहीत असावं."

 मग चष्मेवाला उठला. "काकू, आजीची अंगठी आहे ती. आईने आयुष्यभर जपली. तुम्ही आम्हाला खोटं म्हणताय?" आवाज चढला होता त्याचा. मी म्हटलं, मी नाही, द्रव म्हणतोय. त्यावर लेक असं काही बोलली, जे मी इथे लिहिणार नाही.

विहीणबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा टाका म्हणाल्या नाहीत, दुसरीकडे तपासू म्हणाल्या नाहीत. खाली मान घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. मुलगा तावातावाने बोलायला लागला तेव्हा फक्त म्हणाल्या, "राहू दे रे. चल." रिकामी अंगठी उचलली, खडा तसाच ठेवला आणि निघून गेल्या. चोरी पकडल्यावर माणूस असंच गप्प होतं, असं तेव्हा मला वाटलं.

लेकीने बॅग भरली. दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहणार म्हणे. जाताना म्हणाली, "तुला माणसं नकोच असतात आई, तुला निकाल हवा असतो." दार आपटलं नाही, हळू लावलं. त्याचंच जास्त लागलं.

३१ मार्च

लेक फोन उचलत नाही. ह्यांचा उचलते, माझा नाही. चष्मेवाल्याने लग्न पुढे ढकलूया म्हटलं म्हणे. ह्यांनी हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं, जसं काही हवामान सांगताहेत.

२ एप्रिल

आज घरात जे झालं ते लिहिताना लाज वाटतेय.

हे सकाळी म्हणाले, "तुझ्या कानातलेही तपास ना." लग्नात ह्यांनी दिलेले पाचूचे खडे, पस्तीस वर्षं माझ्या कानात आहेत. मी म्हटलं, त्यांचं काय तपासायचंय? म्हणाले, "सगळ्यांचे तपासलेस. आपलेच का सोडायचे?"

ईर्ष्येने गेले सोनाराकडे, खडे सुटे करून आणले आणि टाकले.

दोन्ही तरंगले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बरणीकडे बघत होते. मग म्हणाले, "असतील बाई खोटे. मला कुठे काय कळतं? फसवलं असेल कुणी मला." असं शांतपणे म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पस्तीस वर्षं! सोनाराकडे गेले तरातरा. खडे त्याच्या गादीवर आपटले. हे खडे त्याच्या बापाच्याच दुकानातले.

म्हातारा रागावला नाही. भिंग माझ्या हातात दिलं. "आत बघा. शेवाळासारखं काय दिसतंय? ती जमिनीतली खूण. काचेत तसं शेवाळ नसतं, फार तर बुडबुडे असतात. बाई, तुमच्या कानातले खडे खरे आहेत. आता तुमची ती बरणी शुद्धीवर आहे का, ते तिलाच विचारा."

"मग अंगठीतला?"

"मी तुमच्या कानातल्यांबद्दल बोलतोय," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. उद्धट.

५ एप्रिल

दोन दिवस काही लिहिलं नाही. ह्यांच्याशीही बोलले नाही. आज बरणी पिशवीत घालून शाळेत गेले. माझ्या जागी आता माझीच एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. माझ्या हातची छडी खाल्लेली. तिच्या काट्यावर पन्नास मिलिलिटर मोजून ठेवलं. एकशे चौतीस ग्रॅम यायला हवं होतं. एकशे एक्केचाळीस आलं.

तिने बरणीला नाक लावलं. "बाई, अ‍ॅसिटोनचा वासच नाहीये. उडून गेलंय सगळं. कुठे ठेवली होती?"

"गॅलरीत."

"उन्हात?" ती हळू आवाजात म्हणाली. "आणि झाकण काय लावलं होतं?"

"जॅमचं."

हा प्रश्न मी हजार पोरांना विचारला असेन आणि त्यातल्या निम्म्यांना बाकावर उभं केलं असेन. हलकं होतं ते उडून गेलं, जड तेवढं मागे राहिलं. महिनाभर द्रव रोज जड होत होता आणि मी रोज जगाला खोटं ठरवत होते. गारगोटी टुणकन उडी मारून मला ओरडून सांगत होती. पण गारगोटी द्रव जड झाला तरी तरंगणारच. जवळ एक खरा पाचू ठेवायला हवा होता, रोज बुडतोय का ते बघायला. कानातले माझ्याच कानात होते! आठवीतल्या पोराला सुचलं असतं.

तिथेच स्टुलावर बसून रडले. पोरीने पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं. पोर गुणाची निघाली.

६ एप्रिल

सकाळी पुन्हा मोजून अ‍ॅसिटोन घातलं. शाळेतून ती बुचाची बरणी आणली, त्यात द्रव भरला, बूच घट्ट बसवलं, काट्यावर वजन करून घेतलं. गारगोटी घुटमळत वर आली. माझे कानातले बुडाले. मग सगळ्यांना बोलावलं. वरच्या बाईंचा खडा बुडाला, शिंपीणबाईंचा बुडाला, पोस्टमास्तरांचा बुडाला. प्रत्येकाला म्हटलं, "माझं चुकलं." पोस्टमास्तरांनी खडा उचलला आणि मुठीत घट्ट धरून गेले. वरच्या बाई म्हणाल्या, "ह्यांना तीन आठवडे बाहेरच्या खोलीत झोपवलं हो मी!" आणि हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

सर्वांत शेवटी, घरात आम्ही दोघंच असताना, अंगठीतला खडा टाकला.

तरंगला.

तीनदा टाकला. तीनदा वर आला. माझे कानातले तळाशी आणि तो वर. मग आणलं भिंग. शेवाळ नाही, नुसता एक गोल बुडबुडा.

किती वेळ बसले होते कोण जाणे. हे पेपर घेऊन आले. "काय ठरलं?"

"बुडाला," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटा निकाल दिला आणि तोही बरणी समोर असताना!

ह्यांनी बरणीकडे पाहिलं. खडा वर तरंगत होता, आंधळ्यालाही दिसावा असा. ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला. "चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही बघ," म्हणाले. "लेकीला फोन लाव. उचलेल आता."

उचलला. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. द्रव बिघडला होता. सगळे खरे आहेत."  मग म्हणाली, "सगळे?" "सगळे." मग रडायला लागली आणि मीही. तिला वाटलं असेल, आई चूक कबूल करताना रडतेय.

७ एप्रिल

विहीणबाईंकडे एकटीच गेले. मुलगा दुकानात होता. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, बाकी सामान असं नाहीच. मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं. बसलेही नाही. "तुमचा खडा खरा आहे. माझा द्रव जड झाला होता. मी तुमचा सर्वांसमोर अपमान केला, मला माफ करा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"पुन्हा पाहिलात?"

"तीनदा."

"आणि बुडाला?"

"तळाला जाऊन बसला," मी म्हटलं. मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही.

त्यांनी रिकामी अंगठी डब्यातून काढली, हातात फिरवत राहिल्या. एकदम हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "माझा मुलगा काय म्हणतो माहितीये? म्हणतो, काकू कडक आहेत, पण खोटं कधी बोलणार नाहीत." मग माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडलाच नाही. मला अवघडल्यासारखं झालं.

चहा झाला. खड्याची पुडी त्यांना दिली. म्हटलं, सोनाराकडे बसवायला मी येते बरोबर. तर घाईने म्हणाल्या, "नको नको, मीच जाते. त्याची-माझी जुनी ओळख आहे." दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आता पुन्हा तपासायला नका हं घेऊ."

"नाही घेत," मी म्हटलं.

साधी, भोळी बाई! एवढ्या हालअपेष्टांत सगळं गेलं तरी जी एक वस्तू छातीशी धरून जपली, ती काच निघावी! तिच्या आईलाच कुणी तरी फसवलं असणार. तिला काय कळणार बिचारीला? किती खूश झाली होती. तो खडा खोटा आहे हे तिला जन्मात कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. ह्यांनाही तसं बजावून ठेवलंय.